पाय मुरगळल्यावर काय करायचं: पहिल्या तासापासून पुन्हा गड उतरेपर्यंत

पाय मुरगळला की घरोघरी एकच हिशेब असतो. सूज उतरली, लंगडणं थांबलं, म्हणजे पाय बरा झाला. हा हिशेब अर्धाच आहे. सूज आणि ठणका बहुतेकांचा काही आठवड्यांत कमी होतो, पण तोल सांभाळायची घोट्याची सवय आपोआप परत येत नाही. ती त्याला पुन्हा लावावी लागते. तेवढं राहून गेलं की काही महिन्यांनी तोच पाय, त्याच बाजूला, पुन्हा वळतो आणि मग माणूस ‘माझा हा पाय कच्चाच आहे’ असं आयुष्यभर सांगत बसतो. पाय कच्चा नसतो, उपचार अर्धवट राहिलेले असतात.

गडावरून उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, माझा डावा घोटा मुरगळला, तेव्हा सल्ले द्यायला पुष्कळजण होते. तेल लाव, गरम पाण्यात पाय बुडव, अमक्या गावचा माणूस पाय बसवतो, पंधरा दिवस पाय जमिनीला टेकवू नकोस. आज काय करायचं, आठवड्याने काय आणि दोन महिन्यांनी काय, हे क्रमाने सांगणारं कोणी भेटायला मला बराच वेळ लागला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडेच जायचं आहे, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

आधी नेमकं काय दुखावतं ते समजून घ्या. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या तीन चिवट पट्ट्या असतात. त्यांना लिगामेंट किंवा अस्थिबंध म्हणतात. पाऊल आतल्या बाजूला वळून अंगाचा भार त्यावर आला की या पट्ट्या ताणल्या जातात. सगळ्यात आधी दुखावते ती पुढची. रिपोर्टवर ‘एटीएफएल’ असं लिहिलेलं दिसतं ती हीच. ती नुसती ताणली गेली तर पहिली श्रेणी, थोडी फाटली तर दुसरी, पूर्ण तुटली तर तिसरी. साध्या मुरगळण्यात हाड जागेवरून हललेलं नसतं, त्यामुळे ‘बसवण्या’सारखं तिथे काही नसतं. पाय धरून हिसका देणारा माणूस फाटलेली पट्टी आणखी फाडू शकतो, आणि आत फ्रॅक्चर असेल तर त्याहून मोठं नुकसान करतो.

१. पहिली दहा मिनिटं: थांबा, बसा, पाय बघा

‘चल, चालू लागलं की मोकळा होईल’ असं म्हणत लगेच पुढे निघू नका. बसा, श्वास घ्या. पहिली कळ ओसरली की मगच पायाचा अंदाज येतो.

खालीलपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा:

- पाऊल किंवा घोटा वेडावाकडा दिसतोय.
- जखमेतून हाड दिसतंय, किंवा सुजेच्या जागीच खोल जखम आहे.
- बोटं गार पडली आहेत, पांढरी किंवा निळसर झाली आहेत.
- पाऊल बधिर आहे, किंवा चवडा वर उचलताच येत नाही.
- पोटरी दगडासारखी घट्ट झाली आहे, ठणका दर तासाला वाढतो आहे आणि बोटं नुसती हलवली तरी जीव जातो.
- टाचेच्या वर मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखं वाटलं, ‘फट्’ असा आवाज आला आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाही. हे मुरगळणं नाही. टाचेच्या मागचा जाड स्नायूबंध तुटलेला असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

डोंगरात असाल आणि खाली उतरण्यावाचून पर्याय नसेल, तर बूट काढू नका. नाडी थोडी सैल करा. बूट काढला की सूज भराभर चढते आणि तो पुन्हा पायात जात नाही. बूट घातलेला असला तरी बोटं हलताहेत ना, त्यांना संवेदना आहे ना, हे मधूनमधून बघत राहा. सॅक दुसऱ्याकडे द्या, दोन्ही हातांत काठ्या घ्या, उतरताना एक माणूस पुढे ठेवा. चालवतच नसेल तर हट्ट धरू नका, १०८ किंवा ११२ ला फोन लावा. बरोबरच्या एकाला रेंज मिळेल अशा जागी पाठवून पायथ्याच्या गावातही निरोप द्या. डोंगरातून खाली आणणारी माणसं बहुतेक वेळा तिथूनच येतात.

२. एक्स-रे लागेल का, हे अंगठ्याने तपासा

कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली एक सोपी तपासणी मांडली. आज ती जगभरच्या अपघात विभागांत वापरतात. ती काटेकोरपणे केली तर फ्रॅक्चर नजरेतून निसटण्याची शक्यता फारच कमी राहते. आधी घरी करून बघायला हरकत नाही, कारण रात्री अकराला धावायचं की सकाळी जायचं, हे तिच्यामुळे शांतपणे ठरवता येतं.

अंगठ्याने हाडावर दाबून चार जागा बघायच्या:

- घोट्याच्या बाहेरच्या हाडाचं खालचं टोक, आणि तिथून वर साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत त्याच हाडाची मागची कड.
- आतल्या बाजूच्या हाडाचं टोक आणि मागची कड, तशीच.
- पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीपासून मागे येत गेलात की मध्यावर एक उंचवटा लागतो, तो.
- आतल्या घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली असलेला हाडाचा उंचवटा.

यापैकी एकाही जागी हाड दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे काढा. पाचवी कसोटी चालण्याची. दुखापत झाल्या झाल्या आणि आता तपासतानाही, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवा. लंगडत टाकलेली पावलंही चालतात.

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. बाहेरच्या हाडाच्या *पुढे आणि खाली* जो मऊ, फुगलेला भाग असतो, तो दाबला की दुखणारच. दुखावलेली लिगामेंट तिथेच असते. तपासायचं आहे ते हाड आणि त्याची मागची कड. माझा अंगठा नेमक्या कडेवर कुठे ठेवायचा हे डॉक्टरांनी हात धरून दाखवलं तेव्हाच मला हा फरक कळला. आधी दुसऱ्या, चांगल्या पायावर ती कड चाचपून घ्या, म्हणजे सुजलेल्या पायावर सापडते.

काहीजणांनी या घरगुती तपासणीवर विसंबू नये. लहान मुलं, कारण त्यांची हाडं वाढीला लागलेली असतात आणि इजा वेगळ्या जागी होते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली माणसं. हाडं ठिसूळ झालेली वयस्कर मंडळी. आणि ज्यांच्या पायाला इतकी सूज आहे की हाड हाताला लागतच नाही ते. त्यांनी थेट डॉक्टरांना दाखवावं.

एक्स-रे चांगला आला की घरचे म्हणतात, ‘काही झालेलं नाही, नुसता मुका मार आहे.’ एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही. हाड शाबूत आहे एवढंच त्या फिल्मवरून कळतं.

३. डॉक्टरांकडे जाताना बरोबर काय घ्यायचं

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र.
- नेहमीच्या गोळ्यांची यादी. रक्त पातळ करणारं औषध, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचा त्रास, पित्ताचा जुना अल्सर, गरोदरपण यातलं काही असेल तर ते स्वतःहून सांगा. वेदनाशामक गोळी कोणती द्यायची, हे त्यावर ठरतं.
- याच पायाचे जुने एक्स-रे असतील तर ते.
- विमा असेल तर कार्ड. बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती न होता केलेल्या उपचारांचे पैसे देत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या. बिलं मात्र सगळी जपून ठेवा.
- कामावर दुखापत झाली असेल तर त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा आणि प्रत स्वतःकडे ठेवा. ईएसआयसीचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं कार्ड असेल तर तेही घ्या.
- वाहनाच्या अपघातात झालं असेल तर केसपेपरवर तसं स्पष्ट लिहून घ्या. नंतर विम्याच्या दाव्याला तोच कागद लागतो.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे वेगळे दर असतात.

डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा. कोणत्या श्रेणीची इजा वाटते? पायावर भार कधीपासून द्यायचा? आणि फिजिओथेरपी कधी सुरू करायची? ‘सूज उतरली की बघू’ असं उत्तर आलं तर तारीख मागून घ्या.

४. पहिले दोन-तीन दिवस

बर्फ थेट कातडीवर लावू नका. सुती कापडात गुंडाळा, दहा ते पंधरा मिनिटं ठेवा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फाने ठणका कमी होतो, जखम लवकर भरते असं नाही. १९७८ साली विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच असा मंत्र देणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये सांगितलं की, बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं. म्हणून दुखणं आवाक्यात आलं की बर्फाचा सोस सोडा.

झोपताना आणि बसताना पाय छातीपेक्षा उंच ठेवा. खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला तर तो छातीच्या खालीच राहतो. आडवं होऊन पोटरीखाली दोन उशा घ्या.

क्रेप बँडेज बहुतेकजण चुकीचं बांधतात, म्हणून हे नीट वाचा. दहा सेंटिमीटर रुंदीचं घ्या. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवा. चवडा खाली लोंबत असताना बांधलं तर घोटा तसाच आखडतो. सुरुवात बोटांच्या मुळापासून करा, बोटं उघडी ठेवा. पावलाभोवती दोन वेढे द्या. मग पावलाच्या वरून तिरकं घोट्याकडे, घोट्याच्या मागून वळसा, पुन्हा तिरकं तळव्याखाली. हा इंग्रजी आठचा आकार तीन-चार वेळा द्या. प्रत्येक वेढ्याने आधीचा अर्धा झाकला पाहिजे आणि टाच उघडी राहता कामा नये. ताण खाली जरा जास्त, वर जात जात कमी. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबा. पांढरं झालेलं नख सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. मुंग्या आल्या, बोटं गार पडली, तर लगेच सोडून पुन्हा बांधा. रात्री झोपताना काढून ठेवा.

पहिले तीन दिवस या गोष्टी टाळा:

- गरम शेक, गरम पाण्यात पाय बुडवणं, गरम लेप. रक्तस्राव आणि सूज वाढते.
- तेल लावून चोळणं, मग ते आजीने मायेने केलेलं असो वा पैसे देऊन.
- दारू.
- दुखतंय तरी बळेच चालत राहणं.

हळदीचा कोमट नाही, गार लेप लावायचा असेल तर लावा, त्याने नुकसान नाही. जखम उघडी असेल तर मात्र तोही नको.

गोळ्यांबद्दल एवढंच की बहुतेकांचं पॅरासिटामॉलवर आणि वरून लावायच्या डायक्लोफिनॅकच्या जेलवर भागतं. जेल लावताना चोळायचं नाही, हलक्या हाताने पसरायचं. पावसाळ्यात याच सुमारास तापही आला असेल, तर डॉक्टरांना न विचारता आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊ नका. डेंग्यू असला तर त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

५. कुबड्या, काठी आणि जिना

कुबडीची उंची विकणारा माणूस अंदाजाने लावून देतो. तुम्ही तपासा. सरळ उभं राहिल्यावर कुबडीचं वरचं टोक आणि काख यांच्यात दोन-तीन बोटांची जागा हवी. मूठ मनगटाच्या उंचीवर हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. अंगाचा भार तळहातांवर घ्यायचा, काखेवर कधीच नाही. काखेतून हाताच्या मोठ्या नसा जातात. कुबडीवर दिवसेंदिवस लोंबकळत चाललं तर त्या दबतात आणि मनगट वर उचलता येईनासं होतं. पायाची इजा बरी करता करता हाताची नस दुखावून घेऊ नका.

जिन्याचा नियम पाठ करा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कुबडी नेहमी दुखऱ्या पायाबरोबर. कठडा असेल तर एका हाताने तो धरा आणि दोन्ही कुबड्या दुसऱ्या बाजूला घ्या. एकच काठी वापरायची झाली तर ती दुखऱ्या पायाच्या *विरुद्ध* हातात.

साध्या इजेत कुबड्या फार दिवस लागत नाहीत. दुखणं सोसेल तेवढा भार लवकर देऊ लागलं तर पाय लवकर सुधारतो.

६. घरातलं बसणं-उठणं

आपल्या घरांत मांडी, वज्रासन आणि उकिडवं बसणं सुटत नाही, आणि घोट्याच्या बाहेरच्या लिगामेंटला ताण देणाऱ्या बैठका नेमक्या याच आहेत. मांडी घातली की पाऊल खाली झुकून आत वळतं, म्हणजे मुरगळताना वळलं होतं तसंच. सूज असेपर्यंत जेवण, पूजा, भाजी निवडणं सगळं खुर्चीवर. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची सर्जिकल दुकानात मिळते, बऱ्याच ठिकाणी भाड्यानेही.

गियरची मोटरसायकल डाव्या पायाला नको, कारण गियर तिथे असतो. उजव्यालाही नको, मागचा ब्रेक तिथे असतो. स्कूटरवर पायाने ब्रेक मारायचा नसला तरी सिग्नलला टेकवायला पाय लागतोच. जोरात पाय टेकवून बघा. कळ आली नाही तरच निघा.

७. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून: हालचाल

घोटा तसाच ठेवला तर आखडतो. म्हणून दुखणं दहापैकी तीनच्या आत राहील इतकी हालचाल लवकर सुरू करायची. तिसऱ्या श्रेणीची इजा असेल, प्लास्टर किंवा डॉक्टरांनी दिलेला आधाराचा बूट घातला असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा.

- पाय लांब करून बसा आणि पायाच्या अंगठ्याने हवेत ‘अ’ ते ‘ज्ञ’ अक्षरं काढा. गुडघा हलू देऊ नका, घोट्यातून वळण घ्या. ‘ळ’ आणि ‘क्ष’ला घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो.
- टॉवेल चवड्याला अडकवून दोन्ही टोकं स्वतःकडे ओढा. पोटरी ताणली गेली की तीस सेकंद थांबा. तीनदा करा.
- जमिनीवर रुमाल पसरून बोटांनी गोळा करा.
- दुखणं कमी झाल्यावर रबरी पट्टा. टेबलाच्या पायाला बांधा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला हळूहळू ढकला. बाहेर ढकलणारे हे स्नायूच पाऊल आत वळताना त्याला सावरतात.
- मग ओट्याला धरून दोन्ही टाचा वर उचला आणि सावकाश खाली आणा. पुढे एकाच पायावर.

फिजिओथेरपिस्ट निवडताना पदवी (बीपीटी किंवा एमपीटी) आणि महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडची नोंदणी आहे का, ते विचारा. विचारण्यात संकोच नको. रोज नुसतं यंत्र लावून घरी पाठवत असतील तर जागा बदला. अल्ट्रासाउंडच्या यंत्राचा मुरगळलेल्या घोट्याला विशेष फायदा होत नाही, असंच अभ्यासांत आढळलं आहे. पैसे मोजायचे ते व्यायाम शिकवणाऱ्या, चूक दुरुस्त करणाऱ्या आणि दर आठवड्याला पुढची पायरी देणाऱ्या माणसाला.

८. तोल: जो भाग सगळे सोडून देतात

लिगामेंट म्हणजे नुसती बांधणी नव्हे. पाऊल किती वळलं आहे, याची खबर मेंदूला देणारी चेतातंतूंची टोकं तिच्यात असतात. ती ताणली किंवा फाटली की ही खबर उशिरा आणि अर्धवट पोचते. पायाखालचा दगड हलल्यावर स्नायूंनी सावरायला हवं तेव्हा ते क्षणभर मागे राहतात, आणि तेवढ्यात पाय वळतो. सूज गेली, ताकद आली, तरी हे आपोआप सुधारत नाही.

लंगडणं पूर्ण थांबलं की लगेच ही परीक्षा घ्या. भिंतीच्या कोपऱ्यात अनवाणी उभ्या राहा किंवा उभे राहा, म्हणजे तोल गेला तर दोन्ही बाजूंना आधार मिळेल. चांगल्या पायावर डोळे मिटून उभं राहा, मग दुखऱ्या पायावर. माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी हे करायला लावलं, तेव्हा दुखणं पार गेलेलं असूनही डावा घोटा डोळे मिटल्या मिटल्या थरथरायला लागला. घोट्याच्या पुढचे स्नायूबंध कातडीखाली दोऱ्यांसारखे उठून दिसत होते आणि पाऊल सारखं आत-बाहेर हलत होतं. उजवा पाय मात्र शांत. पाय बरा झालाय की नाही, हे मला त्या कोपऱ्यात कळलं.

पायऱ्या अशा:

- एका पायावर, डोळे उघडे, बोटं ओट्याला टेकवून. तीस सेकंद.
- हात सोडून.
- डोळे मिटून.
- घडी घातलेल्या चादरीवर किंवा उशीवर, आधी डोळे उघडे, मग मिटून.
- एका पायावर उभं राहून कोणाशी तरी चेंडू झेलायचा, किंवा वाकून जमिनीवरची वस्तू उचलायची.

एक पायरी स्थिर झाल्याशिवाय पुढची नको. वेगळा वेळ काढायची गरज नाही. दात घासताना, चहाला उकळी येईपर्यंत, फोनवर बोलताना एका पायावर उभं राहायचं. वयस्करांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी डोळे मिटून करायच्या पायऱ्या सोडाव्यात आणि शेजारी माणूस ठेवावा.

याचा उपयोग किती, हे नेदरलँड्समध्ये तपासलं गेलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घोटा मुरगळलेले ५२२ खेळाडू होते. नेहमीच्या उपचारांनंतर निम्म्यांना आठ आठवडे घरच्या घरी करायचे तोलाचे व्यायाम दिले. वर्षभरात व्यायाम न दिलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के जणांचा घोटा पुन्हा मुरगळला, व्यायाम दिलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के जणांचा. त्यासाठी ना महाग यंत्र लागलं ना क्लिनिकच्या फेऱ्या. आठ आठवडे मात्र पुरे करावे लागतात. बहुतेकजण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात, कारण तोवर दुखत काहीच नसतं.

९. पुन्हा धावायला, खेळायला, गडावर कधी

कॅलेंडर बघून ठरवू नका. पहिल्या श्रेणीत साधारण एक ते तीन आठवडे, दुसऱ्या श्रेणीत तीन ते सहा, तिसऱ्या श्रेणीत काही महिने, हा नुसता अंदाज आहे. पायाला विचारा:

- भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती लांब राहतो, ते पट्टीने मोजा. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरहून अधिक फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे.
- एका पायावर टाच उचलणं दोन्ही पायांना सारखं जमतं का.
- एका पायावर पुढे आणि आडव्या उड्या, न दुखता आणि न कचरता.
- आठच्या आकारात धावणं.

सगळं जमलं की आधी इमारतीचा जिना, मग टेकडी, मग गड. पुण्यात असाल तर आधी पर्वतीच्या पायऱ्या, नंतर वेताळ टेकडीची मुरमाड पायवाट, हा क्रम चांगला. लक्ष चढण्यापेक्षा उतरण्यावर ठेवा. थकलेले पाय, पाठीवर वजन आणि खाली घसारा, हे तिन्ही उतारावरच एकत्र येतं. पहिला गड कोरड्या दिवसांत करा, शेवाळलेल्या कातळाची परीक्षा पहिल्याच वेळी नको.

खेळताना आणि ट्रेकला वर्षभर नाडीवाला किंवा पट्ट्यांचा घोट्याचा ब्रेस घाला. मोज्यासारखा नुसता लवचिक पट्टा ऊब देतो, आधार फारसा देत नाही. ब्रेसने पाय कमजोर होईल ही भीती नको, फक्त तो घातला म्हणून तोलाचे व्यायाम सोडू नका. आणि बूट उलटा करून बघा. टाचेची बाहेरची कड झिजलेली असेल तर तो बूट पाऊल आतच वळवतो. तो बाद करा.

१०. सहा ते आठ आठवड्यांनीही अडलं असेल तर

मुरगळल्यावर आठवड्याच्या आत एमआरआय काढायची गरज सहसा नसते. पण सहा-आठ आठवडे नीट व्यायाम करूनही पुढचं काही होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे परत जा आणि नेमकं काय होतंय ते लक्षणांसकट सांगा.

घोटा मध्येच अडकतो, आत काहीतरी टोचतं: सांध्याच्या आतल्या कूर्चेला इजा असू शकते. बाहेरच्या हाडामागे काहीतरी ‘टक्’ करून सरकतं: तिथला स्नायूबंध जागा सोडत असेल. दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये आहे आणि पाऊल बाहेर वळवलं की वाढतं: वरच्या लिगामेंटची इजा, तिला बराच जास्त वेळ लागतो. साध्या रस्त्यावरही पाय वारंवार वळतो: लिगामेंट सैल राहिली असेल. पूर्ण तुटलेल्या लिगामेंटलाही सहसा आधी व्यायामच सांगतात. त्याने भागलं नाही तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. सर्जन ब्रॉस्ट्रोम हे नाव घेतील. १९६६ साली स्वीडनच्या लेनार्ट ब्रॉस्ट्रोम यांनी सांगितलेली, तुटलेल्या लिगामेंटची टोकं शिवायची ही पद्धत आजही थोड्याफार फरकाने वापरतात.

नसेची लक्षणं वेगळी ओळखा. पाऊल आत वळताना लिगामेंटबरोबर नसही ताणली जाते. पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा, मुंग्या किंवा विजेसारखी सणक येत असेल तर ही नस दुखावलेली असते. बहुतेकदा ती आपली आपण सुधारते, पण सावकाश, कारण तुटलेला चेतातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. चवडा उचलता येत नसेल, चालताना बोटं जमिनीला घासत असतील, चप्पल पायातून निसटत असेल, तर सहा आठवडे थांबू नका, लगेच दाखवा. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला नस हाडावरून जाते, तिथे घट्ट प्लास्टरनेही ती दबते. नसेची विद्युत तपासणी साधारण तीन आठवड्यांनंतर जास्त नेमकी येते, म्हणून डॉक्टरांनी ती लगेच केली नाही तर घाबरू नका.

पाय भाजल्यासारखा जळजळतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, रंग आणि घाम दुसऱ्या पायापेक्षा वेगळा आहे: हा दुखण्याचा वेगळा आजार असू शकतो आणि तो जितका लवकर ओळखला जातो तितका आटोक्यात येतो. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, किंवा धाप लागली, तर ती रक्ताची गाठ असू शकते. विशेषतः पाय प्लास्टरमध्ये असताना असं झालं तर सकाळची वाट न बघता, त्याच तासाला हॉस्पिटलमध्ये जा.